सगळेच्या सगळे जयपूरला

जयपूरला कसं जायचं, कुठं राहायचं, कुठल्या किल्ल्यात कोणत्या वेळी गर्दी कमी असते, हे सगळं हल्ली मोबाईलवर मिळतं. ते मी लिहीत बसणार नाही. आम्ही चौघं एकाच वेळी घराबाहेर कसे पडलो ते मी लिहिणार आहे, कारण फुलवाल्यांच्या घरात खरं अवघड तेच असतं. जयपूरला काय, रेल्वे नेऊन सोडते.

नाशिकबाहेर, मखमलाबादच्या पुढं कालव्याला लागून आमचा मळा आहे. त्यात गुलाब आणि थोडी शेवंती. गुलाबाला रविवार नसतो आणि दिवाळी नसते. रोज पहाटे कळी अर्धी उमललेली असताना तोडायची, पाट्या भरायच्या आणि पंचवटीतल्या फुलबाजारात न्यायच्या. एक दिवस तोड चुकली तर फूल पूर्ण उघडतं, त्याला गिऱ्हाईक राहत नाही, आणि वर ते झाडाचा जोम खात बसतं. म्हणून आमच्याकडे कुठलंही लग्न असो, बारसं असो, कोणीतरी एक जण मागे राहतो. पूर्वी आई राहायच्या. आमच्या घरात आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझी मुलगी तनुजा मला मम्मी म्हणते, त्यामुळे गोंधळ होत नाही. मी लग्न होऊन आले आणि मागं राहायचं काम न सांगता माझ्याकडे आलं. त्याला आता अठरा वर्षं झाली.

आमचे हे आणि तनुजा गोव्याला गेले, महाबळेश्वरला गेले, एकदा आईंनाही घेऊन वणीच्या गडावर गेले. आमचा अल्बम पाहिला की पाहुणे म्हणतात, सगळे फोटो तूच काढलेस वाटतं. मी हसून चहा टाकायला आत जाते. पण मला राग यायचा. कोणावर, ते कळायचं नाही, कारण मला कोणी थांब म्हणायचंच नाही. मी थांबणार हे सगळ्यांना ठाऊकच असायचं, आणि मलाही.

यंदा मी ठरवलं की जायचं, आणि चौघांनी जायचं.

मळ्यातलं मतदान

फुलवाल्यांची सुट्टी पौषात येते. मार्गशीर्षातले गुरुवार होऊन गेलेले असतात, लग्नं बंद असतात, संक्रांत यायची असते. फुलाला कोणी विचारत नाही. पण झाडाला पौष कळत नाही, ते फूल देतच राहतं. तेव्हा मी झाडापासूनच सुरुवात केली.

गुलाबाची छाटणी केली की पुढचा महिना-दीड महिना झाड फूल देत नाही. नवी फूट येते, कळ्या धरतात आणि मग एकदम पहिला बहर येतो. तो सगळ्यात चांगला. दांडा जाड, कळी टपोरी. छाटणीची तारीख दरवर्षी हे ठरवतात. यंदा मी म्हटलं, नोव्हेंबरच्या अगदी शेवटाला छाटा, बहर ऐन संक्रांतीवर येईल. ह्यांना पटलं, कारण बोलणं खोटं नव्हतं. जानेवारीचा पहिला आठवडा त्यामुळे मोकळा पडतो, हे मी शेवटच्या ओळीची छाटणी होऊन कात्र्या धुऊन ठेवल्यावर सांगितलं.

“म्हणजे तू सहलीसाठी छाटणी पुढं ढकललीस?” ह्यांनी विचारलं.

“संक्रांतीसाठी ढकलली. सहल वाटेत आली.”

ह्यांना हसू आलं, तिथंच अर्धं काम झालं. मग प्रश्न आला कुठं जायचं. ह्यांचं उत्तर तयार होतं: कलकत्ता. जेवताना हे मोबाईलवर तिथला फुलबाजार बघतात. नदीवरच्या मोठ्या पुलाखाली झेंडूच्या माळांचे ढीग, डोक्यावर माळांची भेंडोळी घेऊन धावणारी माणसं. “एकदा डोळ्यांनी बघायचंय मला ते,” हे म्हणायचे. तनुजाला जयपूर हवं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आली होती आणि तिचे फोटो बघून आमची अकरावीतली मुलगी अभ्यास सोडून हवामहलच्या खिडक्या मोजत बसली होती.

“मम्मी, कलकत्त्याला गेलो तर पप्पा चार दिवस फुलांचे भाव विचारत फिरतील,” ती म्हणाली.

“आणि जयपूरला गेलो तर तू चार दिवस स्वतःचेच फोटो काढशील,” हे म्हणाले.

आठवडाभर हाच प्रचार. हे नकाशा काढून गाड्यांच्या वेळा सांगायचे, ती थंडीतलं तापमान सांगायची. माझं मत दोघांनाही हवं होतं आणि मी ते कोणालाच देत नव्हते. मला काही कलकत्त्याचं वावडं नव्हतं. पण मी अट घातली होती की आई ज्या गावाला येतील त्या गावाला जायचं. कारण सहलीचा शब्द निघाल्या दिवशीच आई म्हणाल्या होत्या, “तुमी जा समदे. म्या हाय ना मळ्यावर.”

म्हणजे मी सुटणार आणि माझ्या जागी पुन्हा त्या. हे मला नको होतं. मी एकेक कारण काढून टाकायला बसले. पाणी कोण सोडणार? शेजारचे भाऊसाहेब मोटार चालू करतील. कुत्र्याला भाकरी? तीही भाऊसाहेबांकडून. गुडघे? डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय. घराला कुलूप? आहे की, नवं कोरं, लग्नात आलेलं, अजून एकदाही लावलेलं नाही.

शेवटी एका दुपारी त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या, तेव्हा मी समोर जाऊन बसले. “आई, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?”

“मला कोन इचारतंय.”

“मी विचारतेय.”

त्यांनी आधी एक अख्खी जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, “जिथं फुलं नसतील तिथं.”

आतून तनुजा ओरडली, “आजी, राजस्थान! वाळवंट! तिथं फुलंच नाहीत!”

तीन विरुद्ध एक मतांनी कलकत्ता पडलं. ह्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि मोटार बंद करायला निघून गेले. मला त्यांचं थोडं वाईट वाटलं, पण तिकिटं मी त्याच संध्याकाळी काढायला लावली.

बडी चौपड

इगतपुरीला वडे खाल्ले, पुढं एक गाडी बदलली, आणि बाकीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, एवढं सोडून की आई खिडकी सोडायला तयार नव्हत्या. त्यांचा आजवरचा लांबचा प्रवास म्हणजे मालेगावजवळ बहिणीकडे. यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू आला की गाव आलं समजायचं, असा. इथं उजाडल्यावर खिडकीबाहेर सपाट पिवळी मोहरी सुरू झाली ती संपेचना, आणि त्या दर थोड्या वेळानं विचारत राहिल्या, “ह्ये समदं येकाच मान्साचं हाय का काय?”

जयपूरच्या थंडीबद्दल आम्ही जरा गुर्मीतच होतो. निफाडच्या गारठ्याशेजारी राहणारी माणसं आम्ही, आम्हाला काय थंडी सांगता! स्टेशनबाहेर आल्यावर पाच मिनिटांत ह्यांनी स्वतःची कानटोपी आईंना दिली आणि पंधरा मिनिटांत परत मागितली. शेवटी नऊवारी, वर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी आणि त्यावरून पदर अशा थाटात आईंनी जयपुरात प्रवेश केला. त्या वेशातले त्यांचे फोटो तनुजानं किती जणांना पाठवले ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या शहरात गेलो. सगळी बाजारपेठ एका रंगाची, रस्ते सरळ रेषेत, दुकानांवर एकसारख्या अक्षरांतली नावं. त्याला गुलाबी म्हणतात, पण तो रंग आमच्याकडच्या गेरूच्या जवळचा आहे. संक्रांत आठवड्यावर आलेली, त्यामुळे दुकानादुकानांत पतंग लटकलेले. आम्हाला वाटायचं पतंगांचं वेड म्हणजे येवल्याचं. इथं पतंगाच्या गठ्ठ्यावर बसून मोठी माणसं मांज्याची परीक्षा अशी करत होती, जशी आमच्याकडे बैलाची करतात. भाषा मात्र मऊ. रिक्षावाला भांडला तरी ‘जी’ लावून भांडतो. आमच्या बाजारात प्रेमानं हाक मारली तरी माणूस दचकतो.

मग बडी चौपड आली. हा जुन्या शहरातला मोठा चौक. हवामहल तिथून दिसतो. तनुजा फोन वर धरून त्या दिशेला धावली. आम्ही तिघं मात्र कोपऱ्यावरच उभे राहिलो, कारण समोर फुलंच फुलं होती. झेंडूच्या राशी, पांढरी शेवंती, आणि जमिनीवर अंथरलेल्या कापडावर देशी गुलाबाचे ढीग, गुडघ्याएवढे.

“वाळवंट,” हे म्हणाले. एवढंच म्हणाले, पण तोंड असं झालं होतं की मतदान पुन्हा घ्यावं लागतं की काय, असं मला वाटलं.

आई सरळ गेल्या, एका ढिगासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांचे हात सुरू झाले. काळी कड आलेलं फूल बाजूला, चेमटलेलं फूल बाजूला, दांडा लांब राहिलेला नखानं खुडायचा. बाजूला म्हणजे रस्त्यावर. आमच्याकडे तसंच करतात. पाटीत एक काळी पाकळी दिसली तर व्यापारी अख्ख्या पाटीला नाक मुरडतो. मूठभर फुलं गटारीच्या कडेला पडली तेव्हा कुठं ढिगामागच्या बाईचं लक्ष गेलं. आईंच्याच वयाची, डोईवर पिवळी ओढणी, हातभर लाखेच्या बांगड्या.

“अरे अम्मा! यो कांई कर री हो? माल क्यूं फेंक री हो म्हारो?”

मी धावले. “आई, अहो, हा आपला माल नाहीये! उठा बरं!” आणि त्यांचा दंड धरायला गेले तर माझ्या हातात पाच गुलाब. बोटांच्या बेचक्यांत एकेक, तोडताना धरतो तसे. कधी वाकले, कधी उचलले, मला पत्ता नाही. त्यांतलं एक काळ्या कडेचं होतं आणि ते मी टाकायच्या बेतात होते.

मग माझ्या फुटक्या हिंदीत मी खुलासा केला. “माफ करो जी. हम भी फूलवाले हैं. नासिक से. हाथ को आदत है.”

त्या बाईनं माझ्याकडे, मग आईंच्या नखांकडे पाहिलं. आईंच्या नखांत काट्यांनी पडलेले काळे बारीक डाग आहेत, ते काही केल्या जात नाहीत. बाईनं स्वतःचा हात पुढं केला. तिच्याही नखांत तेच. ती मोठ्यानं हसली आणि रस्त्यावरची फुलं वेचून परत ढिगात टाकायला लागली. इथं पाकळ्या वजनावर विकतात, काळी कड असो की लाल, देवाला सगळ्या चालतात, असं तिनं सांगितलं. आईंना ते अजिबात पटलं नाही. “आसा माल आमच्याकडं कोनी हातात धरायचं नाय,” त्या मराठीत म्हणाल्या, बाईनं राजस्थानीत काहीतरी ठणकावून उत्तर दिलं, आणि दोघी तशाच पंधरा मिनिटं बोलत राहिल्या. त्या बाईचं नाव भंवरीबाई. तिनं मातीच्या कुल्हडात चहा मागवला आणि आईंच्या हातात गजकाची, म्हणजे तिथल्या तिळाच्या खाऊची, पुडी ठेवली. निघताना आईंनी तिच्या ढिगातली फुलं पुन्हा एकदा हातानं सारखी केली, पण या वेळी एकही टाकलं नाही.

त्या दिवशी हवामहल पाहिला, जंतरमंतर पाहिलं. तिथं सावलीवरून वेळ सांगणारं दगडी यंत्र आहे, जिन्यासारखं, पण इमारतीएवढं उंच. गाइडनं मोठ्या ऐटीत वेळ सांगितली. आईंनी सूर्याकडे बघून त्याच्या आधीच सांगितली होती, फक्त त्याला कळेल अशा भाषेत नाही. दुपारी दाल-बाटी खाल्ली. बाटी फोडून त्यावर तूप ओतताना वाढप्याचा हात थांबेचना. आई म्हणाल्या, ही तर मालेगावकडची बट्टी, फक्त हे लोक तुपाला भीत नाहीत. कांद्याच्या कचोऱ्या तनुजानं तीन खाल्ल्या आणि रात्री पोट धरून बसली. जाऊ दे, सहलीत एवढं चालायचंच.

फोटो

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही आवरत होतो. आमेरचा किल्ला बघायला जायचं होतं. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. भाऊसाहेब. हे बूट घालत होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“दिलीपराव, आवो तुमचा गुलाब फुटला ना! म्या आज मोटर चालू करायला गेलो तं बघतो काय, पार उघडलाय. लय उघडलाय. फोटो टाकलाय, बघा.”

तनुजानं फोटो उघडला. कालव्याच्या बांधापासून विहिरीपर्यंत सगळ्या ओळी गुलाबी. एकही हिरवी फट नाही. आमचाच मळा, पण मला क्षणभर ओळखू आला नाही.

डिसेंबरभर थंडी पडलीच नव्हती. आम्ही घरी त्यावर रोज बोलत होतो, यंदा स्वेटर निघाले नाहीत म्हणत होतो. थंडी नसली की कळी लवकर उमलते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. निघायच्या दिवशी कळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, हिरव्या, घट्ट. मी त्या बघितल्या आणि मनाला सांगितलं, अजून आठ-दहा दिवस आहेत. मला जायचं होतं म्हणून मी तसं सांगितलं. आता ते मान्य करायला मला लाज वाटत नाही, त्या दिवशी वाटली.

हे माझ्याकडे बघत नव्हते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

“भाऊसाहेब, तुम्हाला तोडता येईल का? तोडा, न्या, तुमच्या पाटीत घालून विका.”

“माझीच तोड आवरंना, मान्सं नाय मिळत. न्हायतर सांगावं लागलं नसतं.”

फोन बंद झाला. हे म्हणाले, “मी आज निघतो. तुम्ही तिघी फिरून या.”

तनुजा गाड्या बघायला लागली. “एकाचंच तिकीट मिळतंय, पप्पा.”

आणि आई उठल्या. पलंगाखालची त्यांची कापडी पिशवी काढली आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं घडी करून आत घालायला लागल्या. “तू नको दिलीप. तू पोरीला फिरव. मला गाडीत बसवून दे. नाशिकरोडला तुज्या बहिनीच्या, शोभाच्या मालकाला घ्यायला बोलव. उद्याच्याला म्या तोडीला लागते, चार बाया गोळा करते.” हे सगळं त्या अशा सुरात बोलत होत्या, जसं काही त्यांची पाळी आली आहे. नाराजी नाही, काही नाही. पिशवीत शाल, कानटोपी, भंवरीबाईनं दिलेली गजकाची पुडी.

मी जाऊन पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“आई, कोणी जाणार नाही.”

“पयला बहर हाय, सविता.”

“माहितीये मला. छाटणीची तारीख मी दिली. थंडी पडली नाही, तरी निघाले. चूक माझी आहे, मला बोला काय बोलायचं ते. पण कोणाला परत पाठवायचं नाही. तुम्हाला नाही आणि ह्यांनाही नाही.”

“भावनेवर शेती होत नाही, सविता,” हे म्हणाले. आता मात्र माझ्याकडे बघून.

“अठरा वर्षं मी मागं राहिले, ते काय व्यवहार म्हणून? आई त्याच्या आधी राहिल्या, ते? तेव्हा कोणी म्हणालं नाही भावनेवर होत नाही म्हणून!” माझा आवाज चढला होता. तनुजा गाड्या बघायची थांबली. “एक जण मागं राहतो ना आपल्यात, तो नेहमी बाईच असतो, आणि त्याला राहा म्हणून कोणी सांगतही नाही. मला सहल नव्हती पाहिजे. मला आपण चौघं पाहिजे होतो. तिघंच उरणार असू तर मग मी पण चालले, संपलं.”

एवढं मी ह्यांच्याशी आईंसमोर कधी बोलले नव्हते. पण पिशवी मी सोडली नाही.

मग आई म्हणाल्या, “तो फोटो दाखव मला नीट.”

तनुजानं फोन त्यांच्या हातात दिला आणि बोटानं मोठा कसा करायचा ते दाखवलं. आईंनी चष्मा लावला. बोट फिरवत त्या एकेक ओळ बघत गेल्या, बांधापासून, मधल्या पाटापासून, विहिरीच्या कठड्यापर्यंत. मग परत बांधापासून.

“ह्यो आपला मळा?”

“हो आजी.”

“समदा उघडलाय.” त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. “चाळीस वर्सं झाली मला तिथं. उघडलेला म्या कधी बघितलाच नाय. उघडायच्या आत तोडतो आपन.”

हे पलंगावर बसले. माझ्या हातातली पिशवी खाली गेली. खरंच होतं ते. मीही कधी बघितला नव्हता. माझी अठरा वर्षं आणि त्यांची चाळीस, रोज पहाटे अर्ध्या कळ्या, आणि उजेड व्हायच्या आत मळा पुन्हा हिरवा. आमच्या गुलाबाचं पूर्ण फूल कसं दिसतं ते आम्हाला बाजारात, दुसऱ्याच्या गळ्यात बघायला मिळायचं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“राहू दे, दिलीप,” आई म्हणाल्या. “फुलू दे त्याला.”

ह्यांनी दुसरा बूट घातला आणि म्हणाले, “आमेरला ऊन व्हायच्या आत पोचलं पाहिजे.”

आमेर

किल्ला डोंगरावर आहे. वर जायला जीप मिळते, पण आई म्हणाल्या, पायऱ्या आहेत ना, मग जीप कशाला. आम्ही पंधरा पायऱ्या चढायचो आणि बसायचो. मध्येच त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. खाली जाऊन चांभार शोधण्यात ह्यांचा अर्धा तास गेला, तेवढा वेळ आम्ही तिघी कठड्यावर बसून गजक खाल्ली. ती आपल्या तिळाच्या वडीसारखीच, फक्त इतकी कुरकुरीत की तोंडात घातल्यावर बोलता येत नाही. ते बरंच झालं, कारण सकाळच्या बोलण्यानंतर काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

शिशमहालात भिंतभर आरशांचे तुकडे आहेत. तनुजानं वर बघायला सांगितलं तर छतात आमची चार तोंडं शंभर ठिकाणी. आईंनी स्वतःला शोधलं, मग मला शोधलं, आणि माझ्या कोपराला हात लावून वर बोट दाखवलं. खाली तळ्यात बांधलेली एक बाग दिसते. तिथं म्हणे कोणा राजाला केशर लावायचं होतं. “पान्यात वाफा? कंद सडनार नाय का?” आईंनी विचारलं. गाइड पुढच्या महालाकडे निघाला. पुढचा अर्धा तास मायलेक त्या केशराच्या निचऱ्यावर बोलत किल्ल्यातून फिरत होते. महाल कसले बघतात! पण हे परत बोलायला लागले होते, आणि मला तेवढं पुरे होतं.

उरलेले दोन दिवस आम्ही ठरल्याप्रमाणे काढले. एकही दिवस कमी केला नाही. माझं लक्ष मळ्यात नव्हतं असं म्हणणार नाही. नहारगडावरून सगळं शहर दिसतं, सगळे त्याचे फोटो काढतात, आणि मी मनात ओळी मोजत होते की आता कितव्या ओळीच्या पाकळ्या गळल्या असतील. तरी मी उठले नाही. शेजारी आई बसल्या होत्या, त्याही उठल्या नाहीत.

घरी

नाशिकरोडहून रिक्षा थेट मळ्यावर आणली. फुलं होती, पण शेवटची, लोंबलेली. बऱ्याच झाडांवर नुसते देठ, आणि ओळींमधली माती पाकळ्यांनी झाकून गेलेली. वरच्या थरातल्या पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या. आई चप्पल काढून त्यातून चालत गेल्या, पार विहिरीपर्यंत, आणि तशाच परत आल्या.

नुकसान झालं. ते मी गोड करून सांगणार नाही. दोन दिवस चौघांनी मिळून वाळकी फुलं छाटली. संक्रांतीला बाजारात आमची पाटी नव्हती, आणि पुढचा बहर कधी धरेल याबद्दल ह्यांनी मला अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर मी सांगणार आहे की या वेळी तारीख तुम्ही द्या. पण पौष सोडणार नाही, हेही सांगणार आहे.

संक्रांतीला सिन्नरहून नणंद आली. शोभाताईंचा जीव या मळ्यात अडकलेला आहे. लहानपणी त्याही पहाटे उठून तोडायच्या. आल्या आल्या त्यांनी झाडांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. मी तिळगूळ आणायला आत गेले होते, त्यांचं बोलणं मला दारातून ऐकू आलं.

“आई, अगं हे असं कसं झालं? मागं कोण राहिलं होतं?”

“कोनीच नाय,” आई म्हणाल्या.

“कोणीच नाही म्हणजे? वहिनी होती ना घरी?”

“सविता?” आई म्हणाल्या. “ती माज्या शेजारी बसली व्हती.”